उष्ट्या हळदीचा वास

मी गंधकथा लिहिते, हे आमच्या घरी धडपणे कुणालाच माहीत नव्हतं. पोरगी फोनवर काहीतरी लिहिते आणि पुष्कळ बायका ते वाचतात, एवढंच बाबांच्या कानावर होतं. "धार्मिक आहे का?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, "तसंच काहीसं." त्यांचं समाधान झालं आणि विषय मिटला.

ज्यांनी गंधकथा वाचलेल्या नाहीत त्यांना सांगायला हवं की त्यांची सुरुवात चिडचिडीतून झाली. टीव्हीवर एक मालिका चालायची. तिच्यातली दोघं वर्षानुवर्षं एकमेकांकडे नुसती बघत राहिली, आणि लग्नाची वेळ आली तेव्हा लेखकाने नायिकेला कोमात टाकलं. प्रेक्षक मुली खवळल्या. तुम्हाला जमत नसेल तर आम्ही लिहितो, असं म्हणत त्यांनी त्या दोघांच्या गोष्टी स्वतःच लिहायला घेतल्या. परदेशातल्या मुलींचा हा उद्योग आधीपासून चालू होताच. आवडत्या मालिकेतली जोडी उचलायची आणि मनासारख्या जगात नेऊन ठेवायची. त्यांच्या एका जगात माणसं कळपातल्या जनावरांसारखी वासावरून एकमेकांची होत. ते जग आमच्यातल्या कुणीतरी इकडे आणलं आणि त्याला पत्रिकेतल्या नाडींची नावं दिली. आद्य, मध्य आणि अंत्य. आद्याच्या अंगाचा वास लागला की अंत्य जन्मभर त्याचीच. मध्य म्हणजे तुमच्याआमच्यासारखी, ज्यांना काहीच होत नाही; गोष्टीत ती निरोप पोचवण्यापुरती यायची. पुढे मालिका बंद पडली, ती दोन पात्रंही लोक विसरले, पण गंधकथा उरल्या आणि फोफावल्या. मी त्या 'रानजाई' या नावाने लिहायचे. दिवसा साताऱ्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे.

आमच्या गोष्टींत सुटका नव्हती, आणि बायकांना नेमकं तेच हवं असायचं. तो फोन का उचलत नाही, त्याच्या मनात दुसरी कुणी आहे का, उद्या कंटाळला तर काय, असले प्रश्नच तिथे उद्भवत नसत. तू शिकलीसवरलेली मुलगी, असलं गुलामगिरीचं प्रेम कशाला रंगवतेस, असं मला पुष्कळांनी विचारलं. मी सांगायचे की गोष्टीतल्या बाईला सुटका नसली तरी वाचणारीला असते. भाग संपला की ती फोन ठेवते आणि कुकर लावायला उठते. हे उत्तर मला फार आवडायचं. थेंब येईपर्यंत ते खरंही होतं.

थेंबांचं मला पहिल्यांदा सांगितलं ते कल्याणी बोकीलने. ती माझी सगळ्यात जुनी वाचक आणि मग मैत्रीण. माझ्या प्रत्येक भागाखाली ती जीवशास्त्राच्या चुका काढून दाखवायची. शिकून ती पुण्याजवळच्या एका कंपनीत संशोधक झाली, आणि एका रविवारी राजवाड्यासमोर उसाचा रस पिता पिता तिने मला विचारलं, "समे, व्यालेली मेंढी बघितलीस कधी?"

मी भूगोलाची शिक्षिका. मी मेंढ्या नकाशावर बघितल्या होत्या.

"व्याल्यावर काही तास मेंढीचं नाक उघडं असतं. म्हणजे शिकायला तयार असतं," कल्याणी सांगू लागली. "त्या वेळात ज्या कोकराचा वास येईल ते तिचं. मग दार बंद. दुसरं कोकरू दूध प्यायला आलं तर ढुशी मारून हाकलते."

"आणि तिचं कोकरू मेलं तर?"

"मेंढपाळ हुशार असतात. मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर बांधतात. वास ओळखीचा, मेंढी फसते आणि त्याला पाजते."

उंदरांच्या नाकात असले वास टिपणारं एक वेगळं, बारीकसं इंद्रिय असतं. माणसाच्या गर्भातही ते तयार होतं, पण ते चालवणारं जनुक आपल्यात कधीच बिघडलंय, म्हणून ते निकामी पडून राहतं. कल्याणीच्या गटाने ते जनुक दुरुस्त केलं आणि एका निरुपद्रवी विषाणूत भरलं. थेंब नाकात गेले की विषाणू तिथल्या पेशींत शिरतो, चांगलं जनुक सोडतो आणि चार-पाच दिवसांत ते झोपलेलं इंद्रिय जागं होतं. नुसतं जागं झालं असतं तर फार तर अत्तरवाल्यांचा धंदा वाढला असता. पण मेंदूच्या ज्या भागात आईला लेकराची ओढ लागते, त्याच भागात त्या इंद्रियाचे धागे पोचतात. जागं झाल्यावर पहिला जो ठळक वासाचा माणूस जवळ येईल, त्याचा वास तिथे उमटतो. काही महिन्यांत तो पक्का होतो आणि मग काढता येत नाही. सगळ्यांच्याच अंगाला तसा वास नसतो आणि सगळ्यांनाच तो लागत नाही. कंपनीने चाचण्या करून माणसांचे तीन प्रकार पाडले आणि त्यांना आमच्याच गोष्टींतली नावं दिली.

"आता तुझ्या गोष्टी खोट्या राहिल्या नाहीत," कल्याणी म्हणाली. ती खुशीत होती. मलाही त्या दिवशी आनंदच झाला, हे कबूल केलं पाहिजे.

पुढचं सगळं भराभर झालं. 'निजगंध' नावाने थेंब बाजारात आले. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून कॅमेऱ्यासमोर संमती द्यायची, मगच थेंब मिळायचे, असा कायदा झाला. विवाहसंस्थांच्या माहितीत उंची, शिक्षण आणि पगाराच्या जोडीला 'थेंब घेण्यास तयार' असा रकाना आला. मुलींच्या माहितीत आला म्हणते मी. मुलांच्या माहितीत तो मला फारसा दिसला नाही. आमच्या आयांच्या पिढीला तर यात काही वावगं वाटलंच नाही. आद्य आणि अंत्य हे शब्द त्यांनी पत्रिकेत वाचलेले होते. विज्ञानाने शेवटी नाड सिद्ध केली, असं माझ्या आत्याने मला तोंडावर सांगितलं. ती नावं आम्ही पोरींनी गंमत म्हणून उचलली होती, हे तिला पटवायला गेले तर तिने मलाच नास्तिक ठरवलं.

विहंग मोहिते मला आवडला तो त्याच्या संकोचामुळे. धरणांच्या भिंतींत गळती शोधणारी यंत्रं बसवायचं त्याचं काम होतं. पहिल्याच भेटीत त्याने सांगून टाकलं की त्याचं एक लग्न मोडलेलं आहे. बायको आठ महिन्यांत निघून गेली. "ती वाईट नव्हती," तो म्हणाला. "मीच बहुतेक कंटाळवाणा आहे." कंटाळवाणी माणसं असं कधी बोलत नाहीत. दोन महिन्यांनी मी त्याला हो म्हटलं.

त्याच्या आई हेमांगी मोहिते पोस्टातून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा पेरूच्या फोडी पुढे ठेवत त्यांनी मला निरखून पाहिलं.

"रानजाई तूच ना? विहंगने सांगितलं मला."

मी लाजले. होणाऱ्या सासूबाईंनी आपलं सगळं वाचलेलं असणं म्हणजे काय, हे फक्त गंधकथा लिहिणारीलाच कळेल.

"ह्यांना आत नळ्या लावलेल्या असायच्या आणि मी बाहेर बाकावर बसून तुझे भाग वाचायची," त्या म्हणाल्या. "तेवढाच आधार होता. त्यात कुणी कुणाला सोडून जात नाही." मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "थेंबांचं काय ठरवलंत?"

"आम्ही नाही घेणार, आई."

"का गं? तूच तर लिहितेस."

"लिहिते म्हणूनच नको. मला विहंग आवडतो. उद्याही आवडला पाहिजे, आणि तो मलाच आवडला पाहिजे, माझ्या नाकाला नाही. रोज ठरवून प्रेम करीन, नाही आवडला तर भांडेन."

"आणि निघून गेलीस तर?"

"आई," विहंग मध्ये बोलला.

"बरं बाई, तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून त्या हसल्या आणि मीठ आणायला उठल्या. विहंग मला हळूच म्हणाला, "मागच्या वेळी मी दोन महिने नीट जेवत नव्हतो. आई मला घास भरवायची. त्याची धास्ती घेतलीय तिने." मला त्यांचं वाईट वाटलं. पोराच्या जिवासाठी घाबरलेल्या बाईचा राग कसा येणार?

लग्नाच्या आठवडाभर आधी आईंनी मला एका पार्लरचं पॅकेज भेट दिलं. त्यात थंड वाफेचं फेशियल होतं. खुर्चीत मागे रेलायचं, यंत्राच्या नळीतून गार धुकं चेहऱ्यावर येतं. गुलाबाचा वास होता आणि घशाशी किंचित कडवट लागत होतं. "दीर्घ श्वास घ्या ताई," पार्लरवाली म्हणाली, "म्हणजे आतून उघडतं." काय उघडतं ते मी विचारलं नाही. फुकटचं फेशियल, मी डोळे मिटून पडून राहिले.

हळदीच्या दिवशी सकाळी उठले तर सगळ्या जगाला वास होता. कार्यालयाच्या ओल्या फरशीला, आचाऱ्याच्या उकळत्या तेलाला, बाबांच्या शर्टाच्या कॉलरला, आत्याच्या जुन्या शालूला. नवरीला असंच होत असेल, असं मला वाटलं.

विहंगकडची मंडळी वरच्या मजल्यावर उतरली होती. आपल्याकडे आधी नवऱ्या मुलाला हळद लागते आणि त्याच्या अंगाची उरलेली उष्टी हळद नवरीला लावायला येते. त्या दिवशी पाच सवाष्णी वाटी घेऊन आल्या आणि त्यांच्या मागे आई आल्या. त्या दारातच थांबल्या. विधवा बाईने हळदीला हात लावायचा नसतो, म्हणून सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं. मला ते बघवलं नाही.

"थांबा," मी म्हटलं. "पहिली हळद आई लावतील."

आत्या पुटपुटली, "अगं, त्या कशा..."

"का? नवरा गेला म्हणून हातही गेले का?"

मग माझ्या शाळेतल्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या आणि मागोमाग सगळ्यांनीच वाजवल्या. आई मात्र मागे सरकल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "नको गं," त्या म्हणाल्या. "आज नको. खरंच नको. सवाष्णींनाच लावू दे." मला वाटलं संकोच आहे. मी उठले, त्यांचा हात धरला, ओढून आणला आणि माझ्या हाताने त्यांची बोटं वाटीत बुडवली. त्यांनी एकदा हात मागे घ्यायचा प्रयत्न केला. मग कुणीतरी म्हणालं, "लावा हो वहिनी, पोरगी एवढी म्हणतेय तर," आणि त्यांचा धीर सुटला. सहा वर्षांत त्यांना कुणी कुठल्या शुभकार्यात पुढे बोलावलं नव्हतं. त्या रडायला लागल्या. हळदीने भरलेल्या दोन्ही तळव्यांत त्यांनी माझा चेहरा धरला, कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं आणि मला पोटाशी घेतलं. त्यांची मनगटं माझ्या नाकाशी होती.

त्या वासाचं वर्णन मला करता येत नाही, आणि असली वर्णनं करूनच मी नाव कमावलं होतं. हळदीचा वास होताच, पण तो बाजूला पडला. त्याच्या आतून जे आलं त्याने मला एकदम शांत वाटलं. इतकं शांत मला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं. सवाष्णींनी मग रीतसर हळद लावली, विहंगच्या अंगाची, पण ती मला नुसती गार लागली.

लग्न छान झालं असं सगळे म्हणतात. मला आठवतं ते एवढंच की पंगतीत मी सारखी आईंना शोधत होते. मंगलाष्टकं चालू असताना त्या अंतरपाटापासून दूर उभ्या होत्या आणि मला रडू येत होतं. फोटोत ते नवरीचं रडू म्हणून खपून गेलं.

लग्नानंतर आम्ही गुहागरला गेलो. दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. अन्न बघवेना, समुद्र बघवेना. विहंग कपाळावर पट्ट्या ठेवत राहिला आणि मला त्याचा हात नकोसा झाला, याची लाज वाटली. "घरी जाऊ या," मी म्हणत राहिले. साताऱ्याला आलो, आईंनी दार उघडलं, मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ताप उतरला. विहंग कौतुकाने हसला. त्याला वाटलं, आपली बायको घरकोंबडी निघाली.

नातेवाईक तर हरखून गेले. सून सासूच्या मागे मागे फिरते, सासू भाजी निवडते तर ही शेजारी बसून राहते, सासूचीच जुनी लुगडी अंगावर घेऊन झोपते. असली सून आजकाल मिळत नाही, असं चुलतसासूबाई मला जवळ घेऊन म्हणाल्या. हेच सगळं मी विहंगच्या बाबतीत केलं असतं तर त्यांनी नाक मुरडलं असतं. शाळेत मला दुपारनंतर वर्गात उभं राहवेना, म्हणून मी नोकरी सोडली. त्याचंही कौतुक झालं. लिहिणं आपोआप थांबलं. गोष्ट लिहायला काहीतरी कमी असावं लागतं, आणि मला काहीच कमी नव्हतं.

आई मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या. मी जवळ बसले की उठायच्या. "जा ना विहंगजवळ," म्हणायच्या. एकदा स्वयंपाकघरात त्यांनी मला खांद्याला धरून अक्षरशः बाहेर ढकललं. मी दाराबाहेर बसून राहिले, तर थोड्या वेळाने त्यांनीच येऊन माझ्या केसांवरून हात फिरवला.

विहंगची नंदुरबारकडे एका नव्या धरणावर बदली झाली. क्वार्टर मिळणार होतं. मी म्हटलं, आई येणार असतील तर येते.

"समिधा, लग्न माझ्याशी केलंस ना?"

"हो."

"मग मी खोलीत आलो की तू बाहेर का जातेस?"

त्याला वाईट वाटतंय हे कळत होतं. दूरच्या गावी कुणाचं तरी वाईट झालंय असं ऐकल्यावर वाटतं, तितकंच मला वाटत होतं. त्याने कल्याणीला फोन केला.

कल्याणी आली, तिने मला पाहिलं, माझ्या अंगावरचं आईंचं लुगडं पाहिलं आणि पिशवीतून नळ्या काढल्या. माझ्या नाकातला नमुना घेतला, मग विहंगच्या आणि आईंच्या काखेतला घाम कापसाने टिपला. आई हात वर करायला तयार नव्हत्या. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा आम्ही तिघंही बैठकीच्या खोलीत होतो. मी आईंच्या पायांशी बसले होते.

"समिधाच्या नाकात थेंब गेलेत," ती म्हणाली. "लग्नाच्या आसपास. ती अंत्य आहे."

"शक्य नाही. आम्ही नको म्हणून सांगितलं होतं," विहंग म्हणाला.

आईंनी डोळे मिटले. मग त्यांनी सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. पार्लरवालीला त्यांनीच थेंब दिले होते. थेंब विकणारी माणसं शोधली तर सापडतात. नाक हळदीच्या दिवशी उघडेल असा हिशेब धरला होता. सवाष्णींना बजावलं होतं की विहंगच्या गळ्याला आणि काखेशी हळद चांगली चोळा आणि तीच निपटून घ्या. "मला वाटलं, हिला त्याचा वास लागेल आणि मग ही जाणार नाही. माझं पोर परत तसं होणार नाही. एवढंच होतं माझ्या मनात."

"त्याचा लागलाच नसता, काकू," कल्याणी म्हणाली. "विहंग मध्य आहे. त्याच्या अंगाला तसा वासच नाही. आद्य तुम्ही आहात. इतका ठळक नमुना मी प्रयोगशाळेत क्वचित पाहिलाय." मग ती माझ्याकडे वळून विचित्र हसली. "आपल्या एकाही गोष्टीत अठ्ठावन्न वर्षांची बाई आद्य नव्हती, ना गं? आद्य कायम उंच, रागीट आणि कुणाचा तरी मुलगा. यांनी आपल्याच गोष्टींवर विश्वास ठेवला."

विहंग उठून गॅलरीत गेला. त्याच्या पाठीवरून कळत होतं की तो रडतोय. मला हे सगळं समजत होतं. माझ्यावर अन्याय झालाय, माझ्या शरीरात माझ्या परवानगीशिवाय काहीतरी घातलंय, याला कायद्यात शिक्षा आहे, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि हे सगळं समजत असताना मी आईंच्या गुडघ्याला गाल टेकवून बसले होते. त्यांचा पाय थरथरत होता, त्याची मला काळजी वाटत होती.

कल्याणी म्हणाली की उतारा आहे. वास पक्का व्हायच्या आत घेतला तर ते इंद्रिय पुन्हा झोपी जातं आणि ओढ हळूहळू विरते. माझ्याकडे थोडेच दिवस उरले होते. पण उतारा घ्यायचा की नाही हे फक्त मीच सांगू शकत होते, आणि तेही एक अख्खा दिवस त्या वासापासून दूर, पुण्यातल्या स्वच्छ हवेच्या खोलीत राहून. कायदा चांगल्या हेतूने केलेला होता. बांधलेल्या माणसाने बांधणाऱ्याच्या दबावाखाली बोलू नये, एवढंच तो करणाऱ्यांना हवं होतं. बांधलेलं माणूस एकटं असताना काय बोलेल याचा त्यांनी विचार केलेला नसावा.

पुण्याला निघायच्या आधी आईंनी माझे हात धरले. "उतारा घे, बाळ. मी तुझ्या पाया पडते. माझ्याकडून फार मोठं पाप झालंय." विहंग गाडीत बसताना म्हणाला, "तू हो म्हण फक्त. मग मला सोडून गेलीस तरी चालेल. आपण पहिल्यापासून भेटू, नाहीतर नाही भेटणार. पण तू तू असशील." याहून चांगलं माणूस मला मिळालं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या खोलीत मला अंघोळ घालून नवे कपडे दिले. भिंती पांढऱ्या होत्या आणि हवेला काहीही वास नव्हता. दुपारपर्यंत माझे दात वाजायला लागले. संध्याकाळी मी उशीला नाक लावून काही सापडतंय का बघत होते. दुसऱ्या दिवशी एक अधिकारी बाई आत आल्या, समोर बसल्या आणि त्यांनी कॅमेरा चालू केला. बोलायला फार मायाळू होत्या.

"तुमच्यासोबत काय घडलं ते तुम्हाला माहीत आहे?"

मी सगळं क्रमाने सांगितलं. पार्लर, वाफ, हळद, गुहागर. एकही गोष्ट चुकले नाही.

"तुम्हाला यातून मोकळं व्हायचं आहे का?"

मी खरंच विचार केला. विहंग आवडत होता ते मला आठवत होतं, दहावीचा निकाल आठवतो तसं. रोज ठरवून प्रेम करीन असं मी म्हणत असे, तेही आठवत होतं. पण आता ठरवायला बसले की जे ठरवतं तेच एका बाजूला झुकलेलं होतं, आणि दुसऱ्या बाजूने बोलणारं आत कुणी उरलं नव्हतं. उपाशी माणसाला विचारलं की तुझी भूक काढून टाकू का, तर तो जेवणच मागणार. मला त्या बाईंची कीव आली. त्यांना वाटत होतं की समोर बसलेल्या माणसाला त्या प्रश्न विचारतायत.

"नाही," मी म्हटलं. "मला घरी जायचंय."

त्यांनी नियमाप्रमाणे तीनदा विचारलं. मी तीनदा तेच सांगितलं. मग दार उघडलं.

बाहेर कल्याणीने भिंतीला डोकं टेकवलं. "नाही म्हणाली," ती कशीबशी बोलली. मला न्यायला आलेल्या आईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "अगं, काय केलंस हे." आवाज अगदी खरा होता. पण मी कुणाकडेच बघत नव्हते, फक्त त्यांच्याकडे बघत होते, आणि पदराच्या वरून मला त्यांचे डोळे दिसले. त्यांना आनंद झाला होता. सहा वर्षं एकटेपणात काढलेल्या बाईकडे कुणीतरी सगळं सोडून धावत येत होतं, आणि तो आनंद त्यांना लपवता आला नाही.

विहंगनेही ते पाहिलं.

"आई, तू हसलीस," तो म्हणाला.

"नाही रे. काहीतरीच काय?"

त्याने गाडीची चावी बाकावर ठेवली आणि जिन्याने खाली उतरून गेला. आईंनी त्याला एकदा हाक मारली, पण तेवढ्यात मी त्यांच्यापाशी पोचले होते आणि त्यांच्या गळ्यात पडले होते. त्यांनी दुसरी हाक मारली नाही.

आता उताऱ्याची मुदत संपून गेलीय. विहंग नंदुरबारला असतो, आईंना दर महिन्याला पैसे पाठवतो आणि फोन करत नाही. कल्याणीने तक्रार केली होती, पण पीडित बाईच नाही म्हणते म्हटल्यावर ती पुढे सरकली नाही. वाचक अजून विचारतात की रानजाई लिहायची का थांबली, म्हणून हे एवढं लिहिलं. शेवटचं समजा.

आम्ही दोघी छान राहतो. आई आता मला ढकलत नाहीत. परवा त्या शेजारच्या सोसायटीत भजनाला गेल्या, मला न सांगता. परत आल्या तेव्हा मी दाराशी, त्यांच्या चपला नेहमी असतात तिथे बसले होते. तोंडाला कोरड पडली होती. "मी गेल्यापासून इथेच बसलीस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही गेल्यापासून." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पुण्यात पदराच्या वरून दिसले होते तसेच त्यांचे डोळे होते.

उद्या जरा जास्त वेळ जाऊन बघते म्हणाल्या.